मागे, आडवे, मग खाली : आयरिश पूर्वज आणि त्यांचे आजचे नातेवाईक कसे शोधतात

२०१९ च्या डिसेंबरात आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर कुटुंबासह मालवण तालुक्यातल्या वराड गावी येऊन गेले. वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर. साठच्या दशकात ते इंग्लंडला गेले, तिथे एका आयरिश नर्सशी त्यांचं लग्न झालं आणि पुढे कुटुंब डब्लिनला स्थिरावलं. मुलाला वडिलांचं मूळ शोधायला दप्तरखाने धुंडाळावे लागले नाहीत. आडनावातच गाव होतं.

आता हाच प्रवास उलट दिशेने करून बघा. बोस्टनला किंवा मेलबर्नला राहणाऱ्या एखाद्या मर्फीला एवढंच माहीत असतं की पणजोबा ‘आयर्लंडहून आले’. मर्फी हे तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. कॉर्कमध्ये मर्फी, वेक्सफर्डमध्येही मर्फी, आणि या दोघांचं नातं असेलच असं अजिबात नाही. ओ’ किंवा मॅक लागलेली आडनावं अमक्याचा वंशज, तमक्याचा मुलगा एवढंच सांगतात, आणि तो अमका बहुधा हजारेक वर्षांपूर्वीचा असतो. गावाचा पत्ता दुसरीकडून मिळवावा लागतो. आयरिश वंशशोधाची निम्मी मेहनत त्या एका पत्त्यासाठीच खर्ची पडते.

असे शोधणारे थोडेथोडके नाहीत. १८४१ मध्ये त्या बेटाची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८४५ ला बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, निदान तितकीच जहाजात बसली. दुष्काळ सरल्यावरही जाणं थांबलं नाही. १९११ पर्यंत लोकसंख्या ४४ लाखांच्या आत आली होती. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत साडेतीन कोटींहून जास्त लोकांनी आपलं मूळ आयरिश असल्याचं लिहिलं.

यातले बहुतेक जण एकेक पिढी मागे जात राहतात. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. साध्या शेतकरी कुटुंबाच्या बाबतीत ही वाट बहुतेकदा १८०० च्या आसपास बंद होते, कारण त्याआधीच्या नोंदीच फारशा नाहीत. जिवंत नातेवाईक हवे असतील तर मला हा सगळा खटाटोप चुकीच्या दिशेचा वाटतो. जो जहाजात बसला त्याच्या आईवडिलांपर्यंतच मागे जायचं. तिथून आडवं वळायचं : त्याची भावंडं कोण, त्यातलं घरी कोण राहिलं? मग त्या राहिलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या वंशातून खाली आजपर्यंत यायचं.

घरी कोणी राहिलं असेलच कशावरून? याला दुष्काळानंतरची वारसाची पद्धत जबाबदार आहे. आधी जमीन मुलांत वाटली जायची, तुकडे इतके लहान व्हायचे की बटाट्याशिवाय दुसरं काही पुरेसं पिकत नसे. तो धडा घेतल्यावर शेत एकाच मुलाच्या नावे करायचं असं बहुतेक ठिकाणी रूढ झालं, आणि तो थोरलाच असायचा असंही नाही. त्याची बायको हुंडा घेऊन यायची, पुष्कळदा त्याच पैशातून त्याच्या एखाद्या बहिणीचं लग्न व्हायचं. उरलेल्यांनी बोटीचं तिकीट काढायचं. म्हणजे ज्या घरातून पाच जण अमेरिकेला गेले, त्या घराचं दार सहाव्याने उघडं ठेवलेलं असण्याची शक्यता बरीच असते. आणि त्या सहाव्याची पतवंडं आजही त्याच शेतावर असतील, हेही अशक्य नाही.

‘सगळं जळालं’ हे अर्धसत्य

या विषयात शिरलेल्या प्रत्येकाला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगतं की आयर्लंडची सगळी कागदपत्रं जळून गेली. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत उद्ध्वस्त झालं. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद, मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. जळके कपटे शहरभर उडत होते.

पण जनगणनेचं सगळं पाप त्या आगीच्या माथी मारता येत नाही. १८६१ आणि १८७१ चे अर्ज सरकारनेच मोजणी संपल्यावर नष्ट करायला लावले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांपैकी निम्म्या कारकुनी निर्णयांनी संपल्या.

आणि जे त्या इमारतीत नव्हतं, ते वाचलं. जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी दुसरीकडे होती. कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या ज्या त्या चर्चमध्ये होत्या. जमिनीच्या मूल्यांकनाची छापील पुस्तकं वेगळीच होती. बहुसंख्य कॅथलिक शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने पाहिलं तर त्यांच्या कामाच्या बऱ्याच गोष्टी शाबूत आहेत, आणि पुष्कळशा आज इंटरनेटवर फुकट आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या कागदांच्या इतरत्र राहिलेल्या नकला गोळा करून ते अभिलेखागार डिजिटल रूपात पुन्हा उभं करण्याचं कामही चालू आहे. २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, ते लोकांसाठी खुलं झालं.

पत्ता आयर्लंडमध्ये नाही, परदेशात सापडतो

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सुरुवात आयर्लंडच्या वेबसाइटवर करायचीच नाही. नुसतं ‘पॅट्रिक केली, जन्म साधारण १८६०’ एवढ्यावर तिथे शोधलं तर ढीगभर पॅट्रिक केली हाती येतात आणि त्यातला आपला कोणता हे ठरवायला काहीच साधन नसतं. आधी माणूस जिथे जाऊन राहिला तिथले कागद संपवायचे.

नेमका कोणता कागद गावाचं नाव सांगेल, ते देशागणिक बदलतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाचे मृत्यू दाखले सढळ असतात : आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं नाव, जन्मस्थळ, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, सगळं. अमेरिकेत नागरिकत्वाचे जुने अर्ज फक्त ‘आयर्लंड’ लिहून थांबतात, १९०६ नंतरचे बरेच बोलके आहेत. १९०७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या बोटींच्या याद्यांत आणखी एक रकाना आला, आणि आपल्या कामासाठी त्याच्याइतका मोलाचा रकाना दुसरा नाही : मायदेशी राहिलेल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. घरी राहिलेली व्यक्ती तिथे आयती लिहिलेली असते.

त्याआधी गेलेल्यांसाठी बोस्टनच्या ‘द पायलट’ या कॅथलिक वर्तमानपत्राने १८३१ ते १९२१ छापलेल्या हरवलेल्यांच्या जाहिराती आहेत. बहीण भावाला शोधतेय, बायको रेल्वेच्या कामावर गेलेल्या नवऱ्याला. सापडावा म्हणून ती गाव, पॅरिश, बोटीचं नाव, कधीकधी रंगरूपही लिहिते. बोस्टन कॉलेजने हा सगळा संच शोधता येईल असा करून ठेवला आहे. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेत १८५० पासून खातं उघडताना ओळख पटवायला मूळ गाव, आईवडील, भावंडं विचारत आणि टिपून ठेवत. त्या वह्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. बँकेने हे वंशशोधासाठी केलं नव्हतं, तोतयाने पैसे काढू नयेत म्हणून केलं होतं. उत्तम नोंदी बहुतेक वेळा अशाच, दुसऱ्याच कारणाने झालेल्या असतात.

थडग्यांवरचे लेख, चर्चमधल्या लग्नाच्या नोंदी, वर्तमानपत्रातलं मृत्यूवृत्त हे तर आहेच. फक्त आपल्या थेट पूर्वजाचेच कागद पाहून थांबू नका. त्याच्या कागदावर ‘आयर्लंड’ असेल, पण त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या नोंदीत गावाचं पूर्ण नाव असू शकतं. आणि ‘क्वीन्सटाउन’ किंवा ‘कॉर्क’ दिसलं की लगेच हुरळून जाऊ नका. क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव्ह, हे बोट पकडायचं बंदर होतं. पार पश्चिमेकडच्या मेयोतला माणूसही तिथूनच चढला असेल.

भारतातही हा शोध खरोखर पडतो. १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातल्या दर दहा शिपायांपैकी चार आयरिश होते. मुंबई इलाख्याची जुनी युरोपियन पलटण, बॉम्बे फ्युझिलिअर्स, १८८१ च्या फेररचनेत रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. पुणे, खडकी, देवळालीच्या छावण्यांत किंवा भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींत ज्यांची मुळं आहेत अशा कुटुंबांत एखादा आयरिश खापरपणजोबा निघू शकतो. त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पेन्शन घेऊन सुटलेल्या शिपायाचे कागद लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये असतात, आणि त्यावर जन्म कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या शहराजवळ, कोणत्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हे छापील मजकुरातच विचारलेलं असतं. अमेरिकेला गेलेल्या भावापेक्षा पलटणीत गेलेला भाऊ कागदावर सापडायला कित्येकदा सोपा.

टाउनलँड म्हणजे काय

आयर्लंडमध्ये ३२ काउंटी, त्यातल्या ६ आज उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. काउंटीच्या खाली बॅरनी, मग पॅरिश, आणि सर्वांत खाली टाउनलँड. नावात टाउन असलं तरी तिथे शहर नसतं. ठरलेल्या हद्दीचा, नाव असलेला जमिनीचा तुकडा, कधी काही एकरांचा तर कधी हजाराहून जास्त एकरांचा. असे ६० हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. खेड्यातल्या घराचा पत्ता म्हणजे टाउनलँडचं नाव, आणि शोध तिथपर्यंत पोचला नाही तर तो पोचलाच नाही असं समजा.

गोंधळ दोन ठिकाणी होतो. एक, कॅथलिक पॅरिश आणि सरकारी पॅरिश या वेगळ्या गोष्टी आहेत, नावं आणि हद्दी जुळतातच असं नाही. दोन, जन्म-मृत्यूची नोंदणी गरिबांना मदत देण्याच्या कायद्यासाठी (पुअर लॉ) आखलेल्या विभागांनुसार झाली आणि ते विभाग काउंटीची सीमा बिनदिक्कत ओलांडतात. जुन्या कागदांत किंग्ज काउंटी दिसली तर ती आजची ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश. किलमोरसारखी नावं तर अनेक काउंटींत पुन्हा पुन्हा येतात, म्हणून काउंटीशिवाय गावाचं नाव लिहून घेऊच नका.

आयर्लंडच्या फुकट खजिन्यात

१ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, मृत्यू, लग्नं सरकारी दप्तरी आली. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १८४५ पासूनच. आयर्लंड सरकारच्या वंशशोधाच्या वेबसाइटवर १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानाच्या प्रतिमेसह फुकट बघता येतात. उत्तर आयर्लंडच्या नोंदींना थोडे पैसे पडतात. जन्मतारखेवर मात्र प्राण पणाला लावू नका. उशिरा नोंदवलं तर दंड होता, म्हणून वडील दाखल्यावर तारीख पुढे ढकलून सांगायचे. बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा निघाला तर चर्चची वही खरी माना.

त्या कॅथलिक वह्या, साधारण १८८० पर्यंतच्या, आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये फुकट खुल्या केल्या. अक्षर वाईट, शाई फिकट, आणि भाषा पुष्कळदा लॅटिन : जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस होतो. पण या वह्यांत आईचं माहेरचं आडनाव असतं आणि बाप्तिस्म्याला उभे राहिलेल्या धर्ममातापित्यांची नावं असतात. हे बहुधा काका, आत्या, मावशी असेच कोणीतरी. आडवं वळायचं असेल तर त्या दोन नावांवर नजर ठेवा.

आईचं आडनाव आणखी एका ठिकाणी कामी येतं. १८४७ ते १८६४ च्या दरम्यान रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली सगळ्या बेटावरच्या जमिनीचं आणि घरांचं मूल्यांकन झालं. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये कुटुंब नाही, फक्त कूळ आणि मालक; तरी जळालेल्या जनगणनांच्या जागी आज तीच वापरावी लागते. वडिलांचं आणि आईचं, दोन्ही आडनावं एकत्र कोणत्या पॅरिशमध्ये आढळतात ते त्यातून काढता येतं. एकट्या मर्फीवरून काही कळत नाही. मर्फी आणि एखादं विरळा आडनाव शेजारीशेजारी असलेल्या पॅरिश मोजक्याच असतात. घराला दिलेला क्रमांक नकाशावरही असतो, त्यामुळे तो तुकडा आजच्या उपग्रह नकाशावर दाखवता येतो.

पण माझ्या मते सर्वांत वाचनीय दस्तऐवज म्हणजे १९०१ आणि १९११ च्या जनगणना. दोन्ही संपूर्ण टिकल्या आहेत, कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेल्या अर्जांसकट, आणि आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजने त्या फुकट ठेवल्या आहेत. कोण वाचू शकतं, कोण आयरिश बोलतं, घराला किती खिडक्या, छप्पर गवताचं की पक्कं, गोठे किती. १९११ च्या अर्जात विवाहितेला विचारलं : लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, किती जिवंत आहेत. अकरा जन्मली, नऊ जिवंत आणि घरात फक्त दोघं, असं दिसलं की बाकीचे सात कुठे गेले याचा शोध सुरू होतो. त्यातले काही शेजारच्या गावात लग्न होऊन गेलेले असतात, बाकीचे बोस्टनला. बोस्टनमधला पणतू याच ओळीवर दुसऱ्या टोकाकडून येत असतो.

वय बघताना थोडं हसू येतं. १९०१ मध्ये ५५ असलेली बाई १९११ मध्ये ७१ ची होते. मधल्या काळात वृद्धापकाळाची पेन्शन आली, जानेवारी १९०९ पासून, सत्तरी पार केलेल्यांना, आठवड्याला कमाल ५ शिलिंग. १८६४ आधीचा जन्मदाखला कोणाकडेच नव्हता. कोणी वय वाढवून सांगितलं, कोणाला खरंच माहीत नव्हतं. पुरावा म्हणून अधिकारी डब्लिनला १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्या माणसाचं नाव शोधून मागत, आणि त्या चौकशीचे कागद आजही आहेत. म्हणजे जळून गेलेल्या जनगणनेच्या काही ओळी पेन्शनच्या अर्जांत जिवंत राहिल्या.

एकाच नावाचे दोघं

१ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे स्थलांतरितांचं तपासणी केंद्र उघडलं तेव्हा तिथे पहिली नोंद झाली काउंटी कॉर्कच्या ॲनी मूरची. दोन धाकट्या भावांबरोबर ती ‘नेवाडा’ बोटीतून आली होती. कित्येक दशकं सगळ्यांचा समज होता की ही ॲनी पुढे टेक्सासला गेली आणि तिथेच वारली. त्या टेक्सासच्या घराण्याला समारंभांना बोलावणीही जात. २००६ मध्ये वंशशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी दाखवून दिलं की टेक्सासची ॲनी मूर मुळात अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून गेलीच नाही. मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत तिने संसार केला, १९२४ मध्ये ती वारली आणि क्वीन्समधल्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडही नव्हता. खऱ्या ॲनीपर्यंत नेणारा धागा होता तिचा भाऊ फिलिप. बहिणीचं नाव सर्रास आढळणारं होतं, भावंडांचा संच मात्र एकच होता.

म्हणून आयरिश शोधात एक नाव जुळलं याला काडीची किंमत नाही. आईवडिलांची नावं, दोन-तीन भावंडं आणि टाउनलँड, एवढं जुळलं तरच पुढे चला. नाव ठेवायची पद्धत थोडी मदत करते : पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांवरून, दुसरा आईच्या वडिलांवरून, पहिली मुलगी आईच्या आईवरून. नियम नाही, कल आहे. आणि ब्रिजिट अमेरिकेत गेल्यावर डेलिया होते, होनोराची नोरा होते, ओ’सलिव्हनचा नुसता सलिव्हन. इंटरनेटवर इतरांनी तयार केलेले वंशवृक्ष उतरवून घ्यायचा मोह टाळलेला बरा. एकाने जोडलेला चुकीचा पॅट्रिक शंभर जणांच्या झाडांत सापडतो.

बराक ओबामांचं उदाहरण याच स्मोलेन्याक यांच्या कामातलं. ओबामांच्या आईकडचे एक पूर्वज फालमथ कर्नी, चांभाराचा मुलगा, १८५० मध्ये अमेरिकेला आले. नाव असं विरळा की चुकायला जागा कमी. कुटुंब प्रोटेस्टंट होतं. स्थानिक चर्च ऑफ आयर्लंडच्या धर्मगुरूंनी जुनी नोंदवही तपासली आणि ऑफलीतलं मनीगॉल हे लहानसं गाव नक्की झालं. मे २०११ मध्ये ओबामा तिथे गेले, तेव्हा त्यांच्या शेजारी उभे असलेले हेन्री हीली हे त्यांचे फार लांबचे चुलतभाऊ. फालमथचे वंशज सगळे अमेरिकेत. हीलींचं नातं लागतं ते गाव न सोडलेल्या शाखेतून.

आता खाली उतरायचं

घरी राहिलेला भाऊ १९११ पर्यंत सापडला. पुढे काय? १९२१ ला स्वातंत्र्ययुद्धामुळे जनगणना झालीच नाही. नव्या राज्याची पहिली जनगणना १८ एप्रिल १९२६ ची. तिची शंभर वर्षांची गोपनीयता एप्रिल २०२६ मध्ये संपते. तिच्यात वय वर्षं आणि महिन्यांत आहे. उत्तर आयर्लंडची १९२६ ची जनगणना मात्र टिकलेली नाही.

त्याहून सलग साखळी देतात त्या ग्रिफिथनंतरच्या मूल्यांकनाच्या दुरुस्ती वह्या. शेताचा ताबा बदलला की कारकून जुनं नाव खोडून नवं लिहायचा, वेगवेगळ्या रंगांच्या शाईत, शेजारी वर्ष टाकून. वडिलांचं नाव, मग विधवेचं, मग मुलाचं, असं शेत हातोहात जाताना दिसतं, विसाव्या शतकात बरंच पुढपर्यंत. उत्तरेकडच्या सहा काउंटींच्या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते जमीन नोंदणी खात्यात थोडी फी भरून कोणालाही कळू शकतं.

मग मृत्यूची वर्तमानं. आयर्लंडमध्ये आजही माणूस गेला की त्याची सूचना आरआयपी डॉट आयई या वेबसाइटवर येते, आणि ती वाचणं हा तिथला रोजचा परिपाठ आहे. गाव, टाउनलँड, बाईचं माहेरचं आडनाव, मागे राहिलेली मुलं, भावंडं, त्यातलं कोण अमेरिकेत. दप्तरखान्यात आठवडा घालवून मिळणार नाही एवढी भावकी एका सूचनेत असते. शोधायचं ते आडनाव आणि टाउनलँड एकत्र टाकून. त्याला जोड थडग्यांची : आयरिश थडग्यावर बहुधा सगळं घर एकाखाली एक कोरलेलं असतं, आणि शेवटचं नाव अलीकडचं असतं.

डीएनए चाचणीबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. ती पत्ता सांगत नाही, कागदावरचा अंदाज खरा की खोटा एवढं सांगते. आजोबा एक असलेल्या चुलत भावंडांत साधारण १२ टक्के डीएनए सामाईक असतो. पणजोबा एक असतील तर ३ टक्क्यांच्या आसपास. खापरपणजोबा एक असलेल्यांत तो १ टक्क्याहूनही कमी, आणि दहातल्या एकाचा काहीच जुळत नाही. त्यापुढच्या फळीत निम्म्यांचा जुळत नाही. म्हणून घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची चाचणी आधी करा. ते मुळाच्या एक-दोन पिढ्या जवळ असतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही भागांत पिढ्यानपिढ्या आसपासच लग्नं झाली, तिथे नातं असतं त्यापेक्षा जवळचं दिसतं.

चाचणीतून नको ते उत्तरही येतं. लग्नाबाहेर जन्मलेली मुलं आयर्लंडमध्ये दशकानुदशकं आयांपासून काढून दत्तक दिली गेली, काही अमेरिकेला. त्यांच्यासाठी २०२२ च्या कायद्याने स्वतःचा जन्मदाखला आणि सुरुवातीच्या आयुष्याची माहिती मिळण्याचा हक्क दिला. संपर्क हवा की नको हे दोन्ही बाजूंना नोंदवता येतं, आणि शोध घेऊन देण्यासाठी तुसला ही सरकारी संस्था आणि दत्तक प्राधिकरण आहे. अशा प्रकरणात स्वतः दार ठोठावण्यापेक्षा तोच मार्ग बरा.

पत्र

नातेवाईक सापडले, पत्ता मिळाला. २०१५ पासून प्रत्येक घराला स्वतंत्र एअरकोड, म्हणजे पिनकोडसारखा टपालाचा कोड, आहे. त्याआधी एका टाउनलँडमधल्या सगळ्या घरांचा पत्ता एकच, आणि पोस्टमन नावावरून ओळखायचा. तो अजूनही ओळखतो. एअरकोड माहीत नसला तरी आडनाव, टाउनलँड, काउंटी घातलेलं पत्र योग्य दारी जाण्याची शक्यता चांगली असते. घर नक्की नसेल तर पॅरिशच्या धर्मगुरूंना किंवा स्थानिक इतिहास मंडळाला लिहा. ‘आयर्लंड रीचिंग आउट’ नावाची संस्था तर हे काम उलट्या बाजूने करते : पॅरिशमधले स्वयंसेवकच परदेशी गेलेल्यांच्या वंशजांना हाताला धरून गावात आणतात.

पत्र एका पानाचं असावं, कागदावर असावं. मी अमक्याची पणती, तो या सालात तुमच्या टाउनलँडमधून गेला, त्याचा भाऊ जॉन १९११ च्या जनगणनेत तुमच्या घरी दिसतो, आपण एकाच घरचे असू असं वाटतं. सोबत चार पिढ्यांचा साधा वंशवृक्ष. जमिनीचा विषय काढूच नका. परदेशातून अचानक उगवलेला चुलतभाऊ म्हटल्यावर शेतकरी घरात पहिली शंका तीच येते, आणि आपल्याकडच्या वाचकाला ती वेगळी समजावून सांगायला नको. नागरिकत्वाचंही पहिल्या पत्रात नको. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर परदेशी जन्म नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिक होता येतं, पणजोबांवरून सहसा नाही. आणि भारतीय नागरिकाने ते घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं. तो कागदोपत्री व्यवहार तुमचा तुम्हाला करता येतो, त्यासाठी नातेवाईक लागत नाहीत.

मागायचंच असेल तर फोटोंबद्दल विचारा. गेलेल्यांनी घरी फोटो पाठवले, लग्नाचे, पहिल्या बाळाचे, नव्या कोटातले, आणि ते घरी राहिलेल्यांनी जपले. पुष्कळ घरांत असा एखादा डबा असतो, ज्यातली माणसं आता कोणालाच ओळखू येत नाहीत. तुमच्याकडच्या दोन जुन्या फोटोंच्या प्रती, मागे नावं लिहून, पत्रात घाला. त्यातलाच एक फोटो त्या डब्यातही निघाला, तर डीएनएची वाट बघायचं कारण उरत नाही.